चांगल्या डोळ्यावर पट्टी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरचे म्हणतात, नोकरीने असा झाला. मला वाटतं, मी मुळातच असा होतो म्हणून ती नोकरी मला मानवली. धानोऱ्याच्या पुढे जंगलखात्याचा एक नाका होता, तिथे मी वनरक्षक होतो. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच चंद्रपुरातून वेगळा झाला होता. लाकडाचा ट्रक आला की थांबवायचा, परवाना बघायचा आणि परवान्यावर विश्वास न ठेवता ओंडके बघायचे, एवढंच माझं काम.

रीतसर तोडलेल्या प्रत्येक सागाच्या ओंडक्यावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का असायचा. चोरलेल्या मालावरही असायचा, फक्त तो लोहाराकडून करून घेतलेल्या हातोड्याचा. नोकरीला लागलो तेव्हा मला दोन्ही अगदी सारखे दिसायचे. नाक्यावर एक म्हातारा वनरक्षक होता, निवृत्तीला आलेला. त्याला विचारलं, फरक कसा ओळखायचा? तो म्हणाला, "सांगता येत नाई बापा. पाहत राह्य. एक दिवस दिसन." मला वाटलं, म्हाताऱ्याला शिकवायचं नाही, टोलवतोय. पण बघत राहिलो. आठ-नऊ महिने काही नाही. मग एका सकाळी एका ट्रकजवळ उभा राहिलो आणि तिसऱ्या ओंडक्यावरचा शिक्का खोटा आहे हे मला एकदम दिसलं. साहेबांनी विचारलं, कशावरून? मला सांगता येईना. ओंडके उतरवले तर खालचा अर्धा माल चोरीचा निघाला.

दुसरी एक युक्ती त्याच म्हाताऱ्याने शिकवली होती. जप्त केलेल्या ओंडक्यांची थप्पी लावली की तिच्यावरून चुन्याची एक तिरपी रेघ मारायची. कोणी मधला एखादा ओंडका काढून परत बसवला तर रेघ जुळत नाही. चोर पकडायला पहाऱ्याची गरज नाही, सकाळी येऊन रेघ बघायची. ही युक्ती मला इतकी आवडली की मी घरच्या कणगीवरही रेघ मारून ठेवायचो. बायको हसायची. म्हणायची, "उंदराले पकडता का?"

आम्हाला एकच मुलगी. त्या वर्षी ती सहाची होती, पहिलीत जायची. पोरगी बोलकी, हुशार, पण कामात वेंधळी. पाणी ओतायला सांगितलं तर धार ग्लासाच्या बाहेर. पायरी उतरताना पाय अलगद हवेत ठेवायची आणि आपटायची. चेंडू फेकला तर झेलायला हात पुढे करायची तोवर चेंडू छातीवर बसलेला असायचा. मी रागवायचो. काम टाळायला मुद्दाम करते, असंही मला वाटायचं. तेही मी तिच्या तोंडावर बोललो आहे.

एक दिवस शाळेतून गुरुजींची चिठ्ठी आली. सरकारी दवाखान्याचा माणूस शाळेत डोळे तपासायला आला होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, मुलीला डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसतच नाही, चंद्रपूरला दाखवा. मी तणतणत शाळेत जायला निघालो. या गुरुजींच्या साळ्याची लाकडाची बैलगाडी मी महिनाभरापूर्वी अडवली होती, त्याचा हा वचपा आहे असं माझं पक्कं मत झालं होतं. बायकोने दारात अडवलं. तिने मुलीच्या उजव्या डोळ्यावर रुमाल बांधला आणि म्हणाली, "जाय माय, तो लोटा आण." लोटा कोपऱ्यात, चार पावलांवर. पोरगी भिंत धरून गेली, लोट्याच्या शेजारी हात फिरवत राहिली, आणि हसत म्हणाली, "आई, अंधारावानी लागते."

मी खाली बसलो. हजार ट्रकांमधली चोरी ओळखणारा माणूस, आणि घरात सहा वर्षं हे मला दिसलं नव्हतं. बायको रडली. मला रडूही आलं नाही, इतकी लाज वाटली.

चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई होत्या. जटपुरा गेटजवळ उतरून आम्ही विचारत विचारत गेलो. बाईंनी मुलीच्या डोळ्यात औषध घातलं, दिवा मारला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "डोळा चांगला आहे."

"मग दिसत काऊन नाई?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, डोळा दाखवतो, बघतो मेंदू. डाव्या डोळ्याचा नंबर जन्मापासून मोठा आहे, त्यामुळे तो आजवर धूसर चित्रच पाठवत आला. उजवा स्वच्छ पाठवत होता. मेंदूने उजव्याचं ऐकायची सवय लावून घेतली आणि डाव्याकडे कान बंद केले. आता नुसता चष्मा लावून भागणार नाही, कारण मेंदू डाव्याकडे बघायला शिकलेलाच नाही. त्याला शिकवावं लागेल. चष्मा द्यायचा, आणि रोज सहा तास उजव्या डोळ्यावर पट्टी लावायची. पट्टी असताना बारीक काम करवून घ्यायचं. "सात-आठ वर्षांच्या आत झालं तर झालं," त्या म्हणाल्या. "नंतर मेंदू हट्टी होतो. तुमच्याकडे फार वेळ नाही."

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं सांगा. पोरीचा एक डोळा अधू म्हणून आलो, आणि या बाई म्हणतात चांगला डोळा झाका! मी त्यांच्याकडे ट्रक ड्रायव्हरकडे बघतो तसं बघितलं असणार, कारण त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जंगलातले. वानरं बघता ना? मोठ्या शास्त्रज्ञांनी माकडांवर हे तपासून बघितलं आहे. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचा एक डोळा काही महिने बंद ठेवला आणि मग उघडला, तर डोळा ठणठणीत असूनही पिल्लाला त्याने दिसत नाही. मेंदूतली त्या डोळ्याची जागा दुसऱ्याने बळकावलेली असते. तेच मोठ्या माकडाचा डोळा तितकेच दिवस झाकला तर काहीही होत नाही. शिकायचं वय असतं, ते एकदाच येतं. आपला मेंदू त्यांच्यासारखाच आहे."

त्यांनी मला पटावं म्हणून हे सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट बसली: डोळा झाकला की आंधळा होतो, हे या बाईंनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. परतीच्या बसमध्ये मूल गाव येईपर्यंत मी तेच घोकत होतो. बायकोला म्हणालो, ही आपल्या पोरीवर प्रयोग करून राह्यली. माकडावर झाला, आता माणसावर. बायको म्हणाली, "त्यायनं समजावून सांगतलं ना. रोज सहाच घंटे झाकाचा आहे, महिनाभर नाई." तिला ते एका दमात समजलं होतं.

नाक्यासमोर मोहाचं मोठं झाड होतं आणि त्यावर वानरांचा कळप यायचा. एरवी मी त्यांना दगड मारायचो. त्या आठवड्यात बघत बसलो. एक पिल्लू होतं, आईच्या पोटाला चिकटलेलं. ते दिवसभर नुसतं बघत असायचं. पान हललं की पान, शेपटी हलली की शेपटी. मग आईला सोडून जवळच्या फांदीकडे झेप घ्यायचं आणि फांदी हुकायची. आई शेपटी धरून वर ओढायची. पुन्हा तेच. दहा-बारा दिवसांत त्याची फांदी हुकेनाशी झाली. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. ग्लासाबाहेर पडणारं पाणी मला तेव्हा आठवलं, आणि मी घरी जाऊन म्हणालो, लावा पट्टी.

कापसाची घडी आणि वरून चिकटपट्टी. सकाळची शाळा सुटून घरी आली की दुपारभर. पहिले दिवस फार वाईट गेले. पोरगी दाराच्या चौकटीला धडकायची, रडायची, "काढा नं बाबा" म्हणायची. बारीक काम म्हणून मी तिला ताटात तांदूळ द्यायचो, त्यात मोजून वीस खडे मिसळलेले. पहिल्या दिवशी तिने दोन काढले, तेही हाताला लागले म्हणून. आठवड्याने पाच. महिन्याने बारा. मग एका दिवशी मी नाक्यावरून आलो तर तिने खड्यांची रांग मांडून ठेवली होती. पूर्ण वीस.

कुठलाही बाप नाचला असता. मी खडे पुन्हा मोजले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वर्ष लागेल. इथे दोन महिने झाले नव्हते. काही घोटाळा आहे, असं मला वाटलं आणि वाटलं म्हणजे झालं. पोरगी पट्टी वर करून चांगल्या डोळ्याने बघते, यात मला शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी मी स्वतः लावली. आणि पेनाने एक छोटी रेघ मारली, अर्धी चिकटपट्टीवर, अर्धी तिच्या गालावर. तिने विचारलं, "हे काय हो बाबा?" मी म्हणालो, "गंमत."

एप्रिलचा महिना होता. संध्याकाळी आलो आणि आधी रेघ बघितली. जुळत नव्हती. पट्टीवरचं टोक गालावरच्या टोकापासून बोटभर वर होतं. ताटात वीस खडे वेगळे काढलेले.

"पट्टी कोणी काढली?"

ती गप्प. एकदा आईकडे बघितलं, मग खाली. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. चोर पकडला गेला की असाच गप्प बसतो, हे मला नोकरीने शिकवलं होतं. मी तिच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून ओट्यावर पडला. म्हणालो, "बापाले फसवतं? खोटारडी."

बायको मध्ये पडली, मुलीला आत घेऊन गेली. बायकोचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मला वाटलं, माझ्या रागामुळे.

त्या दिवसापासून मुलीला काही दिसेनासं झालं. ताट पुढे ठेवलं की मांडीवर हात ठेवून बसून राहायची. "खडे काढ." "नाई दिसत." कॅलेंडर दाखवलं, "नाई दिसत." एवढा मोठा कंदील दाखवला, तरी तेच. मी जिंकलो होतो. बघा, मी बायकोला म्हणालो, दोन महिने नुसतं सोंग होतं. ती बाई पण खोटी, पट्टी पण खोटी. चिकटपट्टीचं रीळ उचलून मी कपाटावर टाकलं आणि चष्मा त्याच्या शेजारी. चार महिने तो तिथेच होता. बाईंनी सांगितलं होतं की तुमच्याकडे फार वेळ नाही, आणि त्यातले चार महिने मी असे घालवले.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. मुलगी दुपारी घरामागे जाते आणि अर्धा अर्धा तास येत नाही, हे माझ्या लक्षात आलं. लपून काही खाते, नाहीतर कोणाशी खेळायला जाते. सरळ विचारावं हे मला सुचलं नाही, मला सरळ काही सुचत नाही. एका दुपारी ड्यूटीवर जातो म्हणून निघालो, वळसा घालून आलो आणि गोठ्याच्या कुडामागे उभा राहिलो.

तिने जुन्या कॅलेंडरचं एक पान कुंपणाच्या काडीला खोचलं होतं. कपाटावरचा चष्मा खाली आला होता, तिच्या नाकावर होता. उजव्या हाताने तिने चष्म्याखाली उजवा डोळा झाकला होता. ती पानापासून काही पावलं मागे उभी होती आणि बोलत होती. आधी मला कळेना कोणाशी. मग कळलं, शाळा-शाळा चालली होती. ती गुरुजी होती, आणि विद्यार्थी तिचा डावा डोळा.

"हं, वाच. सात. शाबास. आता हे. हे काय आहे? चौदा. आता मांगं चाल." ती एक पाऊल मागे सरकली आणि जिथे उभी होती तिथे एक खडा ठेवला. "वाच. नाई येत? डोळा बारीक कर. नाई दिसत तं नाई म्हण. भेऊ नको. मी मारत नाई."

मी कुडाला धरून उभा राहिलो. पुढे जाऊन तिला उचलून घ्यावं असं वाटलं, आणि गेलो तर ती काय समजेल हेही मला माहीत होतं. आल्या वाटेने नाक्यावर परत गेलो. त्या दिवशी तीन ट्रक गेले, मी परवानेसुद्धा नीट बघितले नाहीत.

घरी येऊन बायकोला एवढंच म्हणालो, उद्या चंद्रपूरला जाऊ. तिने कारण विचारलं नाही. बसमध्ये मुलगी तिच्या मांडीवर झोपली. गडचिरोली मागे गेली तेव्हा बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अजी, त्या दिवशी पट्टी मीनं काढली होती."

मी तिच्याकडे बघितलं.

"घामानं गाल सोलून निंगाला होता तिचा. आग होऊन राह्यली होती. खोबऱ्याचं तेल लावलं, जरासं वाऱ्याले ठेवलं, डोळे मिटून बसवलं तिले, आन् मंग परत चिकटवली. तिनं काही पाह्यलं नाई. खडे मंग काढले, पट्टी लावल्यावर."

"सांगतलं काऊन नाई तेव्हा?"

"सांगतलं असतं तं तुमी म्हटलं असतं, मायलेकी मिळून फसवून राह्यल्या. मी भेली. आन् तिनं माहं नाव नाई सांगतलं. सहा वर्साच्या पोरीनं."

मी तसंच म्हटलं असतं, शब्दन् शब्द. एक रेघ सरकली होती एवढं मी बघितलं होतं. ती कशाने सरकली हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. खोटा शिक्का मला बघून बघून ओळखता येऊ लागला, हे मला खरं वाटत होतं. पोरीला खडा बघून बघून दिसू लागला, हे मात्र मला खरं वाटलं नव्हतं.

पुढचं आधीच सांगतो. पट्टी पुन्हा सुरू झाली आणि दीड वर्ष चालली. डोळा पुष्कळ सुधारला, पाणी ग्लासात पडायला लागलं. पण तक्त्यावरच्या खालच्या दोन ओळी डाव्या डोळ्याला कधीच आल्या नाहीत. ते चार महिने मिळाले असते तर आल्या असत्या का, असं मी डॉक्टरीणबाईंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. त्या भल्या बाई होत्या, म्हणून मला त्यांचा तोही शब्द खरा वाटत नाही.

बसमधून उतरलो त्या दिवशी दवाखान्यात त्यांनी मुलीच्या उजव्या डोळ्यावर कापूस लावला, वरून चष्मा घातला आणि तिला तक्त्यासमोर बसवलं. सगळ्यात वरचं, वीतभर मोठं अक्षर. "काय आहे?" मुलीने तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाई दिसत." बाईंनी दुसरं विचारलं. तिने पुन्हा माझ्याकडे बघितलं. "नाई दिसत." बाई थोडा वेळ आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा."

बाहेर बाकडं होतं. दार लोटलेलं होतं, पण आवाज येत होता. "क," मुलगी म्हणाली. "र. म. ल." एकेक, न अडखळता, शाळेत म्हणतात तशा आवाजात. मी बाहेर गेलो आणि तिला दिसायला लागलं. मी मान खाली घालून बसलो होतो.

बाई हसत बाहेर आल्या. "चार ओळी वाचल्या तिने. पट्टी नव्हती म्हणता, मग हे झालं कसं?"

आणि मी काय बोललो असेन? कुडामागे उभा राहून आलेला, बसमध्ये सगळं ऐकलेला माणूस. माझ्या तोंडून निघालं, "उजवा नीट झाकला होता ना?"

बायकोने डोळे मिटून घेतले. बाई काही बोलायच्या आत मुलगी दारात आली. तिने ऐकलं होतं. रडली नाही, रुसली नाही. माझं बोट धरून मला आत नेलं, खुर्चीवर चढून बसली, कापूस काढून टाकला आणि माझा हात घेऊन आपल्या उजव्या डोळ्यावर ठेवला.

"तुमीच झाका बाबा. मंग तं पटन?"

मी झाकला. तिने वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. तळहाताखाली तिची पापणी हलत होती. चौथी ओळ तिने सावकाश वाचली, बरोबर वाचली. पाचव्या ओळीवर थांबली. मान पुढे केली, पुन्हा बघितलं.

"नाई दिसत," ती हळूच म्हणाली, आणि माझ्या हाताखाली तिचा डोळा घट्ट मिटला, खांदे वर आले, आणि चापट बसायची वाट बघत ती तशीच बसून राहिली.